माझीच डबी होती ना गं

माझी आई माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, आणि आयुष्यात कधी मिश्रीसुद्धा लावलेली नाही. त्या माझ्या आईला 16 नोव्हेंबर 2024 च्या संध्याकाळी, कार्तिकी एकादशी होऊन चार दिवस झालेले असताना, कॅनडात, मिसिसागातल्या माझ्या घरात गांजा चढला.

हे वाक्य लिहायला मला पाच महिने लागले. आईने हो म्हटल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. गेल्या आठवड्यात ती सांगलीला परत गेली. निघायच्या आदल्या रात्री म्हणाली, "लिही. तुमच्या त्या मंडळातल्या बायकांच्या घरीबी आईबाप येत असतील की."

मी फार्मासिस्ट आहे. बी.फार्म. पुण्याला केलं, इथल्या परीक्षा दिल्या आणि गेली बारा वर्षं मिसिसागातल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात माझी चूक सगळ्यात मोठी आहे आणि ती अज्ञानातून झालेली नाही.

आई सप्टेंबरात आली, सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना इथे जास्त दिवस राहू देणाऱ्या व्हिसावर. येताना नेहमीप्रमाणे अर्धी बॅग डब्यांची. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला. चटणीची स्टीलची छोटी घट्ट झाकणाची डबी ऑक्टोबरातच रिकामी झाली आणि धुऊन ओट्यावर आली. आमच्या तळघरात माझा भाचा राहतो, मावसबहिणीचा मुलगा, तेवीस वर्षांचा. कॉलेज करतो आणि शनिवार-रविवार गोदामात काम करतो. त्याने ती डबी उचलून खाली नेली.

त्या शनिवारी मी कामावर होते. दुपारी तीनच्या सुमाराला आई तळघरातल्या फ्रिजमधून दही आणायला गेली. तिथे तिला स्वतःची डबी दिसली. आपली डबी खाली कशी आली म्हणून तिने उघडली. आत गडद लाल, चौकोनी, साखरेत घोळवलेले सहा तुकडे होते. महाबळेश्वरहून येणारे लोक जेली आणतात ना, अगदी तशी. तिला वाटलं, पोराने जेली आणून ठेवली आहे. तिने तीन खाल्ले. "जरा कडवट लागली," असं नंतर म्हणाली, "पण म्हटलं इथल्या फळांची चवच अशी असंल."

दीड तास काही झालं नाही. साडेचारला तिने चहा केला, जावयाला दिला. पाचच्या आधीच अंधार पडला तशी दिवा लावून जपाला बसली. इथून पुढचं तिच्याच शब्दांत सांगते, कारण बारा वर्षांत मी वाचलेल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे इतकं नेमकं लिहिलेलं मला आढळलं नाही. "माळ ओढत होते, पण मेरुमणी येतच नव्हता. किती मणी झाले, किती राहिले, काही कळंना. समई लांब लांब जायला लागली. मग पाय माझे राहिले नाहीत."

तिने हाक मारली. नवरा धावत गेला तर ती भिंतीला धरून उभी, तोंड कोरडं पडलेलं, शब्द जड. माझे वडील, अण्णा, अर्धांगवायूने गेले. तिला वाटलं आता आपलीही तीच वेळ आली. नवऱ्यालाही तेच वाटलं, आणि त्याने फोन केला तेव्हा मलाही. "911 ला फोन कर," मी म्हटलं, आणि कोट घालून निघाले.

इमर्जन्सीत तिचा रक्तदाब 92/54 होता आणि नाडी 118. ती घरी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन घेते. लगेच सीटी स्कॅन झाला. तो स्वच्छ आला. साखर ठीक, ईसीजीत वेग सोडून काही नाही. मग नर्सने यादीतले नेहमीचे प्रश्न विचारले. कुठली औषधं? अॅलर्जी? दारू? गांजा किंवा गांजाचे पदार्थ?

आईच्या वतीने मी उत्तर दिलं. "नाही." एका क्षणाचाही विचार न करता, आणि खरं सांगायचं तर थोडं दुखावल्यासारख्या आवाजात. गळ्यात माळ असलेल्या बाईबद्दल असं कसं विचारता, हे माझ्या स्वरात होतं. हाच प्रश्न मी काउंटरवर रोज लोकांना विचारते. कोणी असं तडक नाही म्हटलं की मी पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारते. मला तसं पुन्हा कोणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मी एक लेख वाचला होता. टोरांटोचे वृद्धरोगतज्ज्ञ नेथन स्टॉल, ओटावाचे डॅनिएल मायरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्या ऑन्टारियो प्रांतातल्या 65 वर्षांवरच्या लोकांचा 2015 ते 2022 असा आठ वर्षांचा हिशोब मांडला होता. गांजाच्या विषबाधेमुळे इमर्जन्सीत आलेल्या 2,322 भेटी. कॅनडात गांजा कायदेशीर होण्याआधी दर लाख ज्येष्ठांमागे वर्षाला 5.8, नुसतं फूल कायदेशीर झालं तेव्हा 15.4, आणि खायचे पदार्थ दुकानांत आल्यावर 21.1. मी तो लेख आमच्या दुकानातल्या मुलींना वाचायला दिला होता. आई 71 वर्षांची आहे. तरीही त्या खोलीत हे आकडे माझ्या डोक्यात आले नाहीत, कारण ते "लोकांच्या" आईवडिलांचे होते.

आठ वाजून वीस मिनिटांनी भाच्याचा मेसेज आला. "मावशी, माझ्या डबीतल्या तीन गमीज कमी आहेत. आजींनी खाल्ल्या का?"

तो घरी आठला पोचला होता. वीस मिनिटं तो पायरीवर बसून होता, असं त्याने नंतर सांगितलं. त्याला घरातून काढतील, सांगलीला फोन जाईल, आईवडिलांची मान खाली जाईल, हे सगळं त्याच्या डोक्यात फिरून गेलं आणि तरी त्याने मेसेज केला. त्या मेसेजने पुढची एमआरआयची तयारी थांबली. डॉक्टर जे बोलले ते एवढंच: किती मिलीग्रॅम, किती वाजता, आणखी काही? मी भाच्याला फोन करून पाकिटं कचऱ्यातून काढायला लावली आणि त्यांचे फोटो मागवले. एका पाकिटात दोन तुकडे, प्रत्येकी 5 मिलीग्रॅम टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक. तीन पाकिटं. आईच्या पोटात 15 मिलीग्रॅम गेलं होतं.

यावर उतारा नाही. टीएचसी उतरवणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. सलाइन लावली, पडू नये म्हणून कठडे वर केले, रात्रभर लक्ष ठेवलं. पहाटे तीनला तिने डोळे उघडले आणि विचारलं, "मी कुठं गेले होते?" दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. चालताना तोल सोमवारपर्यंत जात होता.

आता थोडं फार्मासिस्ट म्हणून.

गांजा ओढला की त्यातलं टीएचसी फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही मिनिटांत पोचतं. चढतंय हे कळतं, माणूस थांबतो. खाल्लेला गांजा आधी पोटात जातो, तिथून यकृतात, आणि यकृत त्याचं 11-हायड्रॉक्सी-टीएचसी करतं, जे मेंदूत सहज शिरतं आणि चांगलंच जोरकस असतं. म्हणून खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच होत नाही, चार तासांपर्यंत ते चढत राहतं, बारा तासांपर्यंत टिकतं आणि सुस्ती दुसऱ्या दिवसापर्यंत राहू शकते. त्या पहिल्या शांत दीड तासात माणसं दुसरी खातात. "काही होत नाही, एक अजून घेते." दुकानात असं सांगणारे मला दर महिन्याला भेटतात. हेल्थ कॅनडा, म्हणजे इथलं आरोग्य खातं, नवख्यांना 2.5 मिलीग्रॅम किंवा त्याहून कमीने सुरुवात करायला सांगतं. आईने त्याच्या सहापट घेतलं, रक्तदाबाच्या दोन गोळ्यांवर, रिकाम्यासारख्या पोटी.

त्या रात्री घरी परतलेल्या नवऱ्याने ती तीन पाकिटं ओट्यावर ठेवली होती. मी ती नंतर कितीतरी वेळ हातात घेऊन बघत बसले. कारण पाकीट म्हणून ती उत्तम होती. एकरंगी, चकचकीतपणा नाही, फळाचं चित्र नाही, कार्टून नाही. लाल अष्टकोनात पांढरं पान आणि खाली टीएचसी अशी अक्षरं. पिवळ्या चौकटीत काळ्या अक्षरांत इशारा. उघडायला दोन्ही बाजूंनी दाबून मग ओढायची झिप, जी लहान मुलाला तर सोडाच, आईच्या सांध्यांनाही जमली नसती. मिलीग्रॅम तुकड्यागणिक आणि एकूण. आरोग्याचे दावे छापायला बंदी, आत दारू किंवा निकोटिन घालायला बंदी. पाकीटभर मिळून 10 मिलीग्रॅमची कमाल मर्यादा. कॅनडाने 17 ऑक्टोबर 2018 ला गांजा कायदेशीर केला तेव्हा खायचे पदार्थ मुद्दाम बाजूला ठेवले होते. त्यांचे नियम बरोब्बर एक वर्षाने, 17 ऑक्टोबर 2019 ला लागू झाले, आणि ऑन्टारियोच्या दुकानांत ते पदार्थ जानेवारी 2020 मध्ये आले. त्या वर्षात अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याकडे बघून शिकण्यासारखं बरंच होतं.

कोलोराडोत 1 जानेवारी 2014 ला विक्री सुरू झाली. त्याच वर्षी एका 19 वर्षांच्या विद्यार्थ्याने 65 मिलीग्रॅमची कुकी आणवली. विकणाऱ्याने सहावा हिस्सा खा म्हणून सांगितलं होतं. त्याने तेवढा खाल्ला, अर्धा-एक तास वाट बघितली, काही झालं नाही म्हणून उरलेली सगळी खाल्ली, आणि काही तासांनी चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली गेला. अमेरिकेच्या साथरोग नियंत्रण केंद्राने 2015 मध्ये ही हकिकत छापली. त्याच्या मृत्यूनंतर कोलोराडोने 10 मिलीग्रॅमचा एकेक हिस्सा वेगळा पाडायला किंवा खुणेने दाखवायला लावला. ऑक्टोबर 2016 पासून नुसत्या पाकिटावर नव्हे, तर प्रत्येक तुकड्यावर टीएचसीची खूण उमटवायला लावली. 2017 मध्ये माणूस, प्राणी, फळं यांच्या आकाराच्या गोळ्या बंद केल्या. मात्र पाकिटाची मर्यादा तिथे 100 मिलीग्रॅम ठेवली, आपल्या दहापट.

कॅनडाने मर्यादा कडक ठेवली, पाकीट कडक ठेवलं. पण तुकड्यावर खूण सक्तीची केली नाही. सगळी भिस्त पाकिटावर.

आणि आपण काय करतो? पाकीट घरात आलं की कात्रीने कापतो आणि डब्यात ओततो. साखर, रवा, चणाडाळ, बिस्किटं, औषधाच्या गोळ्यासुद्धा. आपल्या स्वयंपाकघरात पाकीट म्हणजे दुकानातून घरापर्यंत आणायची पिशवी. त्यावर काय लिहिलंय ते डब्यात येत नाही. डब्यात काय आहे हे घरातली बाई डोक्यात ठेवते, आणि ती बाई कामावर असली की ते कुणालाच माहीत नसतं. कायदा करणाऱ्यांनी हा विचार केला नाही म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण माझ्या घरात त्यांचा सगळा कायदा एका चटणीच्या डबीने रद्द केला, हे खरं आहे. लाल अष्टकोन कचऱ्यात गेला, पिवळी चौकट कचऱ्यात गेली, 10 मिलीग्रॅमची मर्यादा तीन पाकिटं एकत्र झाल्यावर 30 झाली. डबीत उरली ती फक्त जेली.

भाच्याशी मी आठवडाभर बोलले नाही. मग एका रात्री तोच वर येऊन बसला. त्याने काही बेकायदेशीर केलं नव्हतं. ऑन्टारियोत 19 वर्षांवरचा माणूस विकत घेऊ शकतो. रात्रपाळीनंतर झोप येत नाही म्हणून घेत होता. "पण डबीत का ओतल्यास?" मी विचारलं. तो म्हणाला, "मावशी, ती झिप दर वेळी उघडायला वैताग येतो. आणि एका पाकिटात दोनच मिळतात. म्हणून तीन आणतो. मित्र तर म्हणतात, बाहेरून घे, एकाच पाकिटात पाचशे मिलीग्रॅम येतं, स्वस्तात."

हा मुद्दा त्या पोराचा एकट्याचा नाही. गांजाच्या कंपन्या वर्षानुवर्षं हेच सांगतात, की दहाची मर्यादा इतकी कमी आहे की गिऱ्हाईक बेकायदेशीर बाजाराकडे जातं. कॅनडाच्या स्पर्धा आयोगानेही 2023 मध्ये मर्यादेचा फेरविचार करायला सुचवलं. त्याआधी काहींनी पळवाट काढलीच होती. अर्क या गटात पाकिटामागे 1,000 मिलीग्रॅमपर्यंत मुभा असते, म्हणून चघळायच्या गोळ्यांना अर्क म्हणायचं आणि एका पाकिटात 10 मिलीग्रॅमच्या दहा गोळ्या भरायच्या. 2023 मध्ये हेल्थ कॅनडाने सांगितलं की हे अर्क नव्हेत, खाद्यच आहेत. मार्च 2024 मध्ये कायद्याच्या फेरतपासणीसाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल आला. तिनेही दहाची मर्यादा तशीच ठेवा असं म्हटलं.

बेकायदेशीर माल मी पाहिलेला आहे. एका गिऱ्हाइकाने मुलाच्या दप्तरात सापडलेलं पाकीट मला दाखवायला आणलं होतं. अगदी मुलांच्या आवडत्या चिप्सच्या पाकिटासारखं, तेच रंग, तोच चेहरा, कोपऱ्यात बारीक अक्षरांत 600 मिलीग्रॅम. आईच्या हाती ते लागलं असतं आणि तिने मूठभर चिप्स खाल्ले असते, तर? या विचाराने मी अजूनही रात्रीची उठते. म्हणून दहाची मर्यादा वाढवा म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही. आईने तीन तुकडे खाल्ले आणि ती घरी परत आली, याचं कारण तुकडा 5 चा होता. भाच्याची गैरसोय मला कळते. पण त्याची गैरसोय आणि आईचा श्वास यांत निवड करायची तर मला वेळ लागत नाही.

मुलांचे आकडे तर आणखी वाईट आहेत. मायरन यांनी ऑन्टारियोतल्या दहा वर्षांखालच्या मुलांचा हिशोब काढला. जानेवारी 2016 ते मार्च 2021 या काळात गांजाच्या विषबाधेच्या 522 भेटी, मुलांचं सरासरी वय चार वर्षांहूनही कमी, आणि खायचे पदार्थ आल्यानंतर महिन्याचं प्रमाण कायद्याआधीच्या सुमारे नऊपट. नंतर त्यांनी चार प्रांतांची तुलना केली. ऑन्टारियो, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया इथे गमी, चॉकलेट सगळं विकायला परवानगी. क्विबेकने मात्र मिठाई, चॉकलेट, गोळ्या, मुलांना आवडेल असं काहीही विकायचं नाही असं ठरवलं. पहिल्या तीन प्रांतांत लहान मुलं इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण आधीच्या साडेसातपट झालं. क्विबेकमध्ये तिप्पट. तिप्पट म्हणजे काही थोडं नव्हे, पण या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे खरीखुरी मुलं आहेत. सरासरी वय साडेतीनच्या आसपास असलेली. साडेतीन वर्षांचं मूल पाकिटावरचा लाल अष्टकोन वाचत नाही आणि माझी आई इंग्रजी वाचत नाही.

माझं मागणं त्यामुळे साधं आहे. क्विबेकसारखी मिठाईच बंद केली तर उत्तम. ते होणार नसेल तर निदान तुकड्यावर खूण हवी, कोलोराडोसारखी, न वाचताही कळेल अशी. डबीत ओतला, खिशात ठेवला, बशीत काढला, तरी त्या तुकड्याने स्वतः सांगावं की मी जेली नाही. हेल्थ कॅनडा नियमांत बदल करण्याआधी लोकांकडून लेखी म्हणणं मागवतं. पुढच्या वेळी मी माझं पाठवणार आहे.

तोवर आमच्या घरात काय केलं ते सांगते. भाच्याला हाकललं नाही. त्याने स्वतःच आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी आणली. माल पाकिटातच राहतो, पाकीट पेटीत, पेटी त्याच्या खोलीत, स्वयंपाकघरात किंवा कुठल्याही फ्रिजमध्ये नाही. फ्रिजवर विषबाधा केंद्राचा नंबर चिकटवला आहे. क्विबेक सोडून इथे चालणारा मोफत नंबर 1-844-764-7669 आहे, दिवसरात्र चालू असतो. श्वास मंद वाटला, जाग येत नसली किंवा आकडी आली तर तो नाही, थेट 911.

आणि कोणी विचारलं तर खरं सांगा. हे मी आमच्याच लोकांना हात जोडून सांगते. लाजेपायी, मूल असेल तर चौकशीच्या भीतीपायी, आपण गप्प बसतो, आणि डॉक्टर मेंदूज्वर शोधत त्या मुलाच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढतात. ताक, लिंबू, चिंचेचं पाणी पाजत बसू नका. गुंगीतल्या माणसाला काही पाजलं की ते श्वासनलिकेत जातं. उलटी करवू नका. पाकीट सापडलं तर बरोबर न्या.

दुकानात आता मी ज्येष्ठांना जास्त वेळ देते. आपल्याकडचे आजीआजोबा थेट विचारत नाहीत. "सुनेच्या मैत्रिणीने झोपेसाठी काहीतरी दिलंय, नैसर्गिक आहे म्हणते," अशी सुरुवात होते. मग मी यादी मागते. वॉरफरिन चालू असेल तर रक्त जास्त पातळ होऊ शकतं. झोपेची गोळी किंवा गॅबापेंटिन असेल तर गुंगी वाढते. रक्तदाबाच्या गोळीबरोबर उठताना चक्कर, आणि या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड. एक काका म्हणाले, "अहो, आम्ही होळीला भांग प्यायचो की. त्याचंच हे." खरं आहे, झाड एकच. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, आणि भारताच्या 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने शेंड्याशिवायचं नुसतं पान गांजाच्या व्याख्येतून बाहेर ठेवलं आहे. पण भांग पिणाऱ्याला ठाऊक असतं की आपण नशेचं पितोय. माझ्या आईला ते ठाऊक नव्हतं. काकांना मी हेच सांगितलं. ते गप्प झाले आणि गमी परत देतो म्हणाले.

आईचं दुःख वेगळंच होतं. तिला चक्करेचं, इस्पितळाचं काही वाटलं नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी माळ काढून देवापुढे ठेवली. "मी नशा केली. आता ही कुठल्या तोंडानं घालू?" मी सांगत राहिले, की अजाणता झालं, तुला माहीत नव्हतं. ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. चौथ्या दिवशी भाचा येऊन तिच्या पायाशी बसला. काहीच बोलला नाही, रडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझी काय चूक? माझीच डबी होती ना रे." मग उत्पत्ती एकादशीला उपास केला, नाव घेतलं आणि माळ पुन्हा गळ्यात घातली. ती डबी मात्र तिने मला फेकू दिली नाही. घासली, उकळत्या पाण्यातून काढली आणि त्यात वाती ठेवायला लागली.

परतीच्या वेळी तिची एक बॅग फाटली होती, म्हणून भाच्याने त्याची दिली. मी ती आदल्या रात्री पलंगावर पालथी केली. कॅनडातून गांजाचा कुठलाही पदार्थ देशाबाहेर नेणं हा इथे गुन्हा आहे, इथे तो कितीही कायदेशीर असला तरी. मुंबईच्या विमानतळावर तर 1985 चाच कायदा. गमी आहे, इथे दुकानात मिळते, हे तिथे कोणी ऐकून घेणार नाही. मी सगळे कप्पे उलटे केले, अस्तरात हात घालून बघितला, पट्ट्याच्या खोबणीतसुद्धा. भाचा शेजारी उभा राहून एकेक चेन उघडून देत होता.

बाजूच्या छोट्या खिशात एक लाल गोळी निघाली. वेष्टन नव्हतं, वर काही छापलेलं नव्हतं, साखर थोडी विरघळलेली. भाचा म्हणाला, "खोकल्याची असेल मावशी, मागच्या हिवाळ्यातली." त्याने हुंगून बघितली, मीही हुंगली. बारा वर्षं औषधं हाताळतेय, पण मला सांगता आलं नाही. मी ती कागदात गुंडाळून बाहेरच्या कचऱ्यात टाकून आले, मग हात धुतले आणि बॅग पहिल्यापासून पुन्हा तपासली.